मांडीवरचं

आमच्या रंगनाथअण्णांच्या ओट्यासमोरून जाताना लोक खिशात दगड ठेवायचे. हसू नका. बेलापूरचे पोस्टमास्तर कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक पेपरवेट घालून जात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी स्वतः शाळेतून येताना अर्ध्या वर्गाच्या वह्या छातीशी धरून यायची. सगळ्यांना वाटायचं, बाई किती मेहनती! मेहनत कसली, वजनाची भरती होती ती.

अण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभ्या जन्माचे नोकर. गावात त्यांचं नाव काटाअण्णा. उसाची बैलगाडी वळणावर दिसली की काट्यावर चढायच्या आधीच ते आकडा बोलत, आणि काटा मागून मान डोलवी. एकदा एका गाडीवानाने मोळीत धोंडा दडवला होता. अण्णांनी गाडीकडे बघितलं, बैलांकडे बघितलं आणि म्हणाले, "चार किलोचा धोंडा हाय. काढ. बैलाला कळतंय, तुला कळंना व्हय?" धोंडा निघाला. तोलला. चार किलो.

इथवर गंमत होती. पण पुढे पुढे ते माणसांचीही वजनं सांगायला लागले. विचारलं नाही तरी. मला एकदा भर बाजारात म्हणाले, "बाई, दिवाळीपास्नं दीड किलो वाढला तुमी." मी तेव्हा चाळिशीची, आणि स्वतःच्या मते अजून सडपातळ. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. आता आरशासमोर उभी राहिले की कळतं, माणसाने सौजन्य म्हणून अर्धा किलो सोडलाच होता.

मग माझ्या सासूबाईंचं झालं. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. धडधाकट, मला दिवसाला चार टोमणे मारण्याइतक्या तंदुरुस्त. अण्णा विळा मागायला आले, त्यांच्याकडे बघत उभे राहिले आणि जाताना दारात मला हळूच म्हणाले, "पुणतांब्याच्या नणंदबाईंना बोलवून घ्या. म्हातारी हलकी व्हायला लागली."

"हलक्या? अहो, कालच डॉक्टर म्हणाले, वजन आहे तेवढंच आहे."

"ते काट्यावरचं," अण्णा म्हणाले. "मी आतलं म्हंतोय."

नवव्या दिवशी सासूबाई गेल्या. शेंगांचं सूप तसंच अर्धं राहिलं. त्यानंतर माझ्या वह्यांचा गठ्ठा दुप्पट झाला.

अण्णांची आणखी एक तऱ्हा होती, ती मात्र कुणाच्या फारशी ध्यानात आली नव्हती. भोपळा असो, मांजर असो, पत्राचा लिफाफा असो, समोर दिसेल ते ते तळहातावर घेत, डोळे मिटत आणि आकडा सांगत. पण बारशाला गेले की दोन्ही हात पाठीमागे बांधत. कुणी म्हणालं, "अण्णा, घ्या की बाळाला, वजन सांगा," तर म्हणत, "हात खरकटे हायेत." जेवायच्या आधीसुद्धा खरकटे. बायका आपापसांत म्हणत, बरं आहे, याची नजर नको बाळाला. मीही म्हणायची. मी तर सगळ्यांत मोठ्याने.

घरात अण्णा आणि काकू, दोघंच. काकू म्हणजे गावातली सगळ्यांत कमी बोलणारी बाई. मूलबाळ नव्हतं. का नव्हतं, हे विचारायचं वय तेव्हा त्यांचं उलटून गेलं होतं, आणि आमच्यापैकी कुणी कधी विचारलंही नव्हतं.

अण्णा निवृत्त व्हायच्या वर्षी कारखान्यात नवा काटा आला. आकडे लाल दिव्यांत उमटणारा. तो बसवायला पुण्याहून एक इंजिनियर आले. त्यांच्याकडे लॅपटॉप होता. जिल्ह्यात तेव्हा असं यंत्र बघितलेली माणसं शोधावी लागली असती. इंजिनियरसाहेबांना खाली वाकून वायर लावायची होती, म्हणून बाजूला बसलेल्या अण्णांच्या मांडीवर त्यांनी ते चालू यंत्र ठेवलं आणि म्हणाले, "जरा धरा हो."

त्या दिवसानंतर अण्णांनी दोन दिवस कुणाचंही वजन सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले.

आता इथे माझी त्या काळची योग्यता सांगणं भाग आहे. मी श्रीरामपूरला जाऊन तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता. सर्टिफिकेट फ्रेम करून देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं होतं, आणि उदबत्ती ओवाळताना हात आपोआप तिथवर जायचा. त्या तीन महिन्यांत कॉम्प्युटरला प्रत्यक्ष हात लागला असेल अकरा वेळा. बाकी वेळ आम्ही चपला बाहेर काढून, काचेच्या खोलीत, दुसरा कोणीतरी बटणं दाबत असताना श्रद्धेने उभ्या राहायचो. पण तेवढ्यावर मी बेलापूर आणि पंचक्रोशीची तज्ज्ञ झाले होते.

"बाई," अण्णा म्हणाले, "ते मांडीवर घेत्यात, ते यंत्र. त्याला काय म्हंत्यात?"

"लॅपटॉप. लॅप म्हणजे मांडी, टॉप म्हणजे वर. थोडक्यात, मांडीवरचा."

अण्णा म्हणाले, "मांडीवरचं? असं नावच हाय व्हय त्याचं?"

"मांडीवरचा," मी त्यांचं व्याकरण दुरुस्त केलं. "लॅपटॉप पुल्लिंगी आहे, अण्णा. तो."

"न्हाई," ते म्हणाले. "ते."

मी बाईमाणूस, त्यातून मराठी शिकवणारी. दहा मिनिटं त्यांना लिंगविचार समजावला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि उठताना म्हणाले, "मला एक मांडीवरचं घ्यायचंय. नगरला चला माझ्यासंगं. पैका जास्त न्हाई. सादं चालंल, जुनं चालंल. पन दोन गोष्टी पायजेत. वजन बरूबर पायजे. आनि नगरपास्नं बेलापुरापर्यंत ऊब टिकली पायजे."

"ऊब नाही अण्णा, त्याला बॅटरी म्हणतात."

"काय म्हनायचं ते म्हना. ऊब टिकली पायजे."

मी मनात म्हटलं, निवृत्त माणूस आहे, आत्मचरित्र लिहायचं असेल. आणि रात्रभर बसून वहीत प्रश्न उतरवले. रॅम किती, हार्डडिस्क किती, प्रोसेसर कोणता, रंगीत पडदा का काळापांढरा. शेवटचा प्रश्न होता, 'फ्लॉपी उभी जाते का आडवी?' हा मला फार मर्मभेदी वाटला होता.

पौषातली थंडी होती. सकाळच्या गाडीने आम्ही नगरला पोचलो. निघताना काकू दारात आल्या. अण्णांनी त्यांना एवढंच सांगितलं, "तीनच्या गाडीला स्टँडवर ये." काकूंनी का म्हणून विचारलं नाही. एक धुतलेला पांढरा टॉवेल तेवढा घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवला.

नगरला एका गल्लीत, माडीवर, शांतीशेठ म्हणून एक गृहस्थ मुंबईहून जुने लॅपटॉप आणून विकत. मी सवयीने दाराबाहेर चपला काढल्या. शेठ म्हणाले, "बाई, राहू द्या, दुकानच आहे." मी म्हटलं, "धूळ जाते मशीनमध्ये." शेठनी आदराने माझ्याकडे पाहिलं. मग मी वही उघडली आणि तो आदर प्रश्नागणिक कमी होताना मला दिसत गेला. फ्लॉपीच्या प्रश्नाला तर ते नुसते खोकले.

अण्णांना या कशात रस नव्हता. ते खुर्चीवर पाय जुळवून, मांडी सपाट करून बसले होते. "द्या," म्हणाले.

शेठनी पहिला लॅपटॉप दिला. अण्णांनी डोळे मिटले. "दोन किलो सहाशे. अशक्त हाय."

"अशक्त कसा? आठ एमबी रॅम आहे!" मी म्हटलं.

"असंल. पन भरत न्हाई."

दुसरा दिला. हा पेंटियम होता. काळाभोर, रंगीत पडद्याचा. माझा जीव त्याच्यावर जडला. शेठही म्हणाले, थोडा महाग पडेल, पण वस्तू अशी की दहा वर्षं बघायला नको. अण्णांनी तो मांडीवर घेतला न घेतला तोच परत केला. "चार किलोला थोडं कमी. हे बाळसं धरलेलं हाय. आमचं न्हाई."

"आमचं न्हाई म्हणजे?" शेठनी मला खुणेने विचारलं. मी खांदे उडवले.

मग अण्णांनी शेठकडे बघितलं. मला ते बघणं ओळखीचं होतं. "शेठ," ते म्हणाले, "दोन म्हयन्यात सहा किलो उतरला तुमी. तहान लई लागती का? डाक्टरला दाखवा. अजून हलकं न्हाई झालात. वेळ हाय."

शेठच्या हातात पाण्याचा तांब्या होता. सकाळपासूनचा कितवा होता कोण जाणे. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी एकाही वस्तूचं कौतुक केलं नाही. आतल्या खोलीतून राखाडी रंगाचा एक जुनाट लॅपटॉप आणला. झाकणावर ओरखडे, कडेचं एक बटण उडालेलं, पडदा काळापांढरा. "हा एवढाच राहिलाय," म्हणाले. "आवाज करतो थोडा."

वायर लावून चालू केला. आतून बारीक घूं घूं असा आवाज सुरू झाला. झोपेत नाक चोंदल्यावर येतो तसा. अण्णांनी तो मांडीवर घेतला.

डोळे मिटलेले. एक हात खाली, एक हात वरून. माडीवर थंडी होती, पण त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मी म्हटलं, "अण्णा, हा फारच जुना आहे. फोर एटी सिक्स! रॅम नाही, काही नाही. याच्यात काय मावणार?" ते ऐकत नव्हते.

"किती भरतोय?" मी विचारलं.

एवढी वर्षं शेजारी राहिले, पण त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांनी आकडा सांगितला नाही. "हेच," एवढंच म्हणाले. मग शेठना विचारलं, "बेलापुरापर्यंत ऊब टिकंल ना?"

"टिकेल की," शेठ म्हणाले. आणि मला बाजूला घेऊन पुटपुटले, "बाई, बॅटरी मेलेली आहे. वायर काढली की तास, फार तर सव्वा तास. काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

मी सांगितलं नाही. नगरहून सुटणारी एकची गाडी चुकली असती तर मला शाळेच्या मीटिंगला पोचता आलं नसतं, हे एक कारण. आणि पेंटियम न घेतल्याचा राग, हे दुसरं. माणूस किती क्षुल्लक असू शकतो, याचा नमुना पाहायचा असेल तर मी त्या दिवशीची.

गाडीत आम्हाला मधलं बाकडं मिळालं. खिडकीला काच नव्हती, वारा नुसता चावत होता. अण्णांनी लॅपटॉप चालू ठेवला होता. झाकण जरासं उघडं, वरून काकूंचा पांढरा टॉवेल गुंडाळलेला. एका बाजूने तोंडाजवळ असावं तशी फट. आतून मंद उजेड आणि घूं घूं. मी बडबडत होते. रॅम वाढवता येते, मेमरी वाढवता येते, अमुक येतं, तमुक येतं.

"हळू बोला बाई," अण्णा म्हणाले. "झोपलंय."

मी अण्णांकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

कंडक्टर आला. टॉवेलकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "बाळ आजारी हाय का काका? खिडकीपास्नं आत सरका, वारं लागंल."

अण्णांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे पडतात. "तवाबी असंच म्हनला हुता," ते म्हणाले. कंडक्टरला नाही, मलाही नाही. कंडक्टर तिकीट फाडून पुढे गेला.

"कोण म्हणाला होता, अण्णा?"

मग विळद घाट उतरताना, गाडीच्या खडखडाटात, मान वर न करता त्यांनी सांगितलं. तीसेक वर्षांपूर्वी काकूंना नगरच्या दवाखान्यात आणलं होतं. पोरगी झाली. दोन तास होती. काकू बेशुद्ध. दवाखान्यातल्या बाईने पोरीला पांढऱ्या कापडात गुंडाळून अण्णांच्या हातात दिलं आणि सांगितलं, गावाकडे न्या, मातीत ठेवा. मेलेलं पोर घेऊन गाडीत कोण बसू देणार? अण्णा मांडीवर घेऊन बसले. याच रस्त्याला, याच गाडीला. कंडक्टरला म्हणाले, झोपलंय.

"नगरला निघालो तवा ऊब हुती," ते म्हणाले. "ऊब हुती तवर मला वाटत हुतं, डाक्टर चुकलाय. राहुरीला हात लावला. ऊब गेल्ती."

मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा, असं माझे घरचे म्हणतील.

"तिनं पोर बघितलंच न्हाई, बाई. घरी आल्यावर एकच इचारायची. किती भरत हुती? एवढं तरी सांगा. मी काट्यावरचा मानूस. दुनियेचं वजन सांगतो. पन त्यो आकडा तोंडातनं निघंना. लई बारीक हुती, एवढंच म्हनायचो. मग तिनं इचारायचं सोडलं." त्यांनी टॉवेल सारखा केला. "आकडा अजूनबी निघायचा न्हाई. म्हनून म्हनलं, वजनच नेऊन द्यावं. ऊब हाय तवर."

राहुरी जवळ येत होती. शेठचे शब्द कानात होते. निघाल्याला तास होऊन गेला होता. आता सांगावं का? काय सांगणार? अण्णा, मला ठाऊक होतं, पण माझी मीटिंग होती?

राहुरीच्या स्टँडात गाडी शिरली आणि टॉवेलमधून तीन बारीक आवाज आले. टिक्, टिक्, टिक्. मग फटीतला उजेड गेला. घूं घूं थांबलं. एकदमच.

अण्णा हलले नाहीत. त्यांनी टॉवेलवर हात ठेवला नाही. मला कळलं की ते ठेवूच शकत नाहीत. माझ्याकडे बघून अगदी लहान आवाजात म्हणाले, "बाई? गेलं का?"

देव तारतो तो कधी कधी अर्धवट शिकलेल्यांनाच. "नाही हो," मी म्हटलं, सर्टिफिकेटवाल्या खणखणीत आवाजात. "याला स्लीप म्हणतात. आम्हाला कोर्सला होतं. थोडा वेळ कुणी बटण दाबलं नाही की हे आपोआप झोपतं. उजेड बंद, आवाज बंद. जागंच असतं आत."

"झोपतं? असंच म्हंत्यात त्याला?"

"असंच म्हणतात. पुस्तकात आहे."

त्यांनी टॉवेलची फट बंद केली, दोन्ही हातांनी ते पोटाशी ओढलं आणि वाऱ्याकडे पाठ केली. कोल्हार गेलं, प्रवरेचा पूल गेला. मी देवाचं नाव घेत होते, आणि कुठल्या देवाने बॅटरीचं खातं घ्यावं ते कळत नव्हतं.

बेलापूरच्या स्टँडवर काकू उभ्या होत्या. अण्णा उतरले. पायरीवर तोल जायला लागला म्हणून मी खालून हात दिला, आणि माझा तळहात टॉवेलखाली गेला.

गरम होतं.

याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. माणसाच्या अंगाची ऊब, दुहेरी टॉवेल, यंत्राच्या पोटात मुरलेली धग. सगळी पटण्यासारखी आहेत. पण तळहाताला त्या वेळी आणखी एक गोष्ट लागली, तिचं कारण मला सापडलेलं नाही. आत घूं घूं चालू होतं. बारीक, थांबून थांबून. बॅटरी राहुरीला गेली होती. मी कान लावला नाही. अजूनही बरं झालं असंच वाटतं.

अण्णांनी ते काकूंच्या पदरात ठेवलं. "घे," म्हणाले. "एवढं हुतं."

काकूंनी काय आहे, कशाचं आहे, काही विचारलं नाही. पदर दोन्ही हातांनी खालून सावरला, जरा वर-खाली केला, बाजारात भाजी घेताना करतात तसा. गाडी धूळ उडवत श्रीरामपूरकडे निघून गेली. स्टँडवर आम्ही तिघंच उरलो. का चौघं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

"एवढं?" काकू म्हणाल्या.

"एवढं."

त्यांनी टॉवेलची कड बोटाने जरा बाजूला केली आणि परत झाकली.

"ऊन हाय की अजून," त्या म्हणाल्या. "आनि तुमी तर म्हनत हुता, लई बारीक हुती. चांगली जड हाय की हो."

मीटिंगला मी गेले नाही. त्यांच्या मागे मागे, अर्ध्या रस्त्यापर्यंत चालत गेले. हात रिकामे होते. वह्या नाही, दगड नाही. अण्णांनी वळून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि काही बोलले नाहीत.

परवा माझ्या नातीने नवा लॅपटॉप आणला. कागदासारखा पातळ. कौतुकाने माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजी, बघ ना किती हलका!"

मी डोळे मिटले. म्हटलं, "हो गं. पण भरत नाही."